तापणाऱ्या मुठी

मेव्हिस फेदरस्टोन खाटकाकडून खिमा आणायची, आणि घरी आल्या आल्या त्याचं पुन्हा वजन करायची. खाटीक तिचा सख्खा चुलतभाऊ होता. त्याने आयुष्यात कधी माप मारलं नव्हतं. पण मेव्हिसचं म्हणणं असं, की ती वजन करते हे त्याला ठाऊक आहे म्हणूनच तो मारत नाही. आता यावर कुणी काय बोलायचं? आमच्या गावात तिच्याशी वाद घालायच्या फंदात कुणी पडत नसे.

त्यातून पंचाईत अशी, की तिचे संशय बहुतेक वेळा खरे निघायचे. चॅपेलमधल्या सुगीच्या जेवणाला पास्टरच्या बायकोने 'घरी केलेला' म्हणून आणलेला केक मेव्हिसने एका घासात ओळखला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचा कागद त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तिनेच शोधून काढला. सप्टेंबरातल्या लीकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या कांद्याच्या, प्रदर्शनात पहिल्या आलेल्या मनगटाएवढ्या जाड लीकच्या मुळांना चिकटलेली माती आपल्या खोऱ्यातली नव्हे, पलीकडच्या खोऱ्यातली आहे, हे तिने चारचौघांत सांगितलं, आणि तेही खरं निघालं. लीकच्या दिवसांत तसंही आमचं गाव एकमेकांकडे तिरक्या नजरेनेच बघतं. पुरुष आपापल्या वाफ्यांशेजारी खुर्च्या टाकून पहारा करतात. प्रदर्शन संपलं की सगळे पुन्हा माणसांत येतात. मेव्हिसचा सप्टेंबर तेवढा बारा महिने चालायचा.

घरात शेरीची बाटली होती, तिच्यावर दारू कुठवर आहे त्याची पेन्सिलीची रेघ होती. तिचा नवरा सेप शेरीला हात लावत नसे. त्याला ती खोकल्याच्या औषधासारखी लागायची. तरी रेघ होती. रेघ कुणावर संशय म्हणून नाही, पद्धत म्हणून आहे, असं मेव्हिस सांगायची. जिथे रेघ मारता येत नाही अशा वस्तू ती हलवून बघायची. टाल्कमचा डबा, केसांवर मारायचा स्प्रे, चहाचा डबा. हलवल्यावर आवाज कालच्यासारखाच आला की ती जाग्यावर ठेवायची आणि पुढच्या कामाला लागायची.

सेप हा घरातला सातवा मुलगा, म्हणून नाव सेप्टिमस, लॅटिनमध्ये 'सातवा'. उभी हयात त्याने दगडखाणीत ड्रिल चालवलं. त्या ड्रिलच्या थरथरीने त्याच्या बोटांतलं रक्त पळवून लावलं होतं. गारठा पडला की बोटं मेणासारखी पांढरीफटक पडायची. खाणीतल्या निम्म्या माणसांची तीच गत होती. 'मेलेली बोटं' म्हणायचे, आणि त्यापुढे त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा तिथला दंडक होता. गुत्त्यात बसले की सगळे हात टेबलाखाली. ग्लास उचलायचा तो दोन्ही तळव्यांनी, आणि शेजारच्याने ते बघायचं नाही.

खाण बंद झाल्यावर सेपने एक जुनी जर्मन मोटरसायकल घेतली. तिच्या हँडलच्या मुठींखाली तापणारी पट्टी होती; बटण दाबलं की मुठी गरम व्हायच्या. मेव्हिसने तेव्हा विचारलं होतं, की बुडाखाली शेगडी कधी बसवणार. सेप हसला होता. पण त्या मुठींमुळेच त्याचे हिवाळे निघत होते. आठवड्यातून एकदोनदा तो माळावरच्या रस्त्याने वर जायचा, माथ्यावर गाडी लावायचा, खाली दोन्ही खोऱ्यांकडे बघायचा आणि परत यायचा. मोटरसायकल मेव्हिसला कधीच आवडली नाही. ज्या दिवशी हात नीट चालेनासा होईल त्या दिवशी गाडी विकायची, हे तिने पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं.

संशयाची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती ऑक्टोबरात, एका रविवारी, जेवणानंतर.

त्यांच्याकडे रीत अशी होती, की मेव्हिसने भांडी घासायची आणि सेपने पुसायची. लग्नापासून हेच चालू होतं. त्या रविवारी मेव्हिसच्या आईची निळी वाटी, रश्श्याची, सेपच्या हातून सुटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले. सेप वाटीकडे न बघता आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मला कळलंच नाही गं," तो म्हणाला. "हातात आहे की नाही तेच कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे? चाळीस वर्षं पुसतोयस ती वाटी. पुसायचा कंटाळा आलाय तर सरळ तसं सांग, माझ्या आईच्या वाट्या कशाला फोडतोस?"

सेपने फडकं खुंटीला अडकवलं आणि तो मागच्या शेडमध्ये निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं रे झालं की त्याला शेडमध्ये काहीतरी काम निघू लागलं. मेव्हिसने मनाशी नोंद केली. वाटी मुद्दाम फोडली, आणि आता अंग काढून घेतोय. पण एवढ्यासाठी आईची वाटी? यात काहीतरी पाणी मुरत होतं.

मग तिच्या लक्षात आलं, की तो हात दाखवत नाही. पेपर वाचताना बोटं बाह्यांत ओढलेली. चॅपेलमध्ये प्रार्थनेला उभं राहिल्यावर पूर्वी तो तिचा हात धरायचा. आता दोन्ही हात कोटाच्या खिशात. आणि दर गुरुवारी दुपारी गाडी काढून माळापलीकडे जाणं सुरू झालं. बागेसाठी खत बघायला जातो, म्हणे. एकदा गेला, खत नाही. दुसऱ्यांदा गेला, खत नाही. पलीकडच्या खोऱ्यात खताचा दुष्काळ पडल्याचं मेव्हिसच्या ऐकिवात नव्हतं.

मग मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या शोधायला ती शेडमध्ये शिरली, आणि कुंपणाला लावायच्या डांबरी तेलाच्या डब्यामागे तिला तो स्प्रे सापडला. उंच, सोनेरी डबा, गुलाबी टोपण. केसांवर मारायचा स्प्रे. सेपच्या डोक्यावर नावाला केस नव्हता. लग्नाच्या फोटोतच तो मावळतीला लागला होता. मेव्हिसने डबा हलवून बघितला. बराच वापरलेला होता.

असले सोनेरी डबे दुकानात मिळत नाहीत. ते केशरचना करणाऱ्यांनाच मिळतात, आणि आमच्या गावात असा डबा एकाच ठिकाणी होता: ग्लोरिया टॅलेंटायरच्या बैठकीत. ग्लोरिया विधवा, मेव्हिसहून थोडी लहान, हसरी, आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक ड्रायर मांडून सगळ्या गावाच्या बायकांचे केस बसवणारी. मेव्हिस दर गुरुवारी सकाळी तिच्याकडेच जायची. आणि गुरुवारी दुपारी ग्लोरिया दुकान बंद ठेवायची. दुपारच्या बसने ती माळापलीकडच्या बाजाराला जायची, हे मेव्हिसला पक्कं ठाऊक होतं.

डबा होता तिथे, होता तसा ठेवून ती घरात आली आणि खुंटीवरचे सेपचे हातमोजे तिने नाकाला लावले. पातळ चामड्याचे, जुने. त्यांना स्प्रेचा वास होताच. त्याखाली आणखी एक वास होता, मऊ, औषधी, लॅव्हेंडरच्या फुलांचा. बाईच्या हाताला लावायच्या मलमाचा वाटला तिला. मेव्हिस मोजे हातात घेऊन तशीच खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत तिने अख्ख्या जगावर संशय घेतला होता, पण तो असा, की खरा निघाला तर मजा यायची. हा खरा निघू नये असं तिला वाटत होतं, आणि ही गोष्ट तिच्यासाठी अगदी नवी होती. तिला राग आला नव्हता. तिला भीती वाटत होती.

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी ग्लोरियाच्या खुर्चीत बसली. ग्लोरियाने केसांना रोलर लावायला घेतले. मेव्हिस समोरच्या आरशात तिच्या तोंडाकडे बघत होती.

"सेप आला होता का गं इकडे?"

ग्लोरियाचा कंगवा थांबला. "सेप? इकडे? आता त्याच्या डोक्यावर मी काय बसवू, बाई?" असं म्हणून ती हसली. जरा जास्तच वेळ हसली, आणि तिच्या मानेवर लाली चढत गेली. मग तिने घाईघाईने मेव्हिसच्या डोक्यावर ड्रायर ओढला. ड्रायरखाली माणसाला काही ऐकू येत नाही. मेव्हिस त्या गरम घोंघाटात बसून राहिली आणि आरशात ग्लोरियाची पाठ बघत राहिली. तेवढ्यातल्या तेवढ्यात ग्लोरियाने तीनदा फडताळावरचे सोनेरी डबे सारखे केले. ग्लोरिया खोटं बोलली होती. यात आता मेव्हिसला तिळमात्र शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर ग्लोरिया खोटंच बोलली होती.

घरी कुणाला काही बोलायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सेप काहीतरी उत्तर देणार, आणि ते उत्तर खरं की खोटं हे पुन्हा तपासावं लागणार. मेव्हिसचा माणसांच्या उत्तरांवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास डोळ्यांवर होता. म्हणून तिने आठवडाभर वाट बघितली. त्या आठवड्यात तिने त्याच्या आवडीचा आल्याचा केक केला, दोनदा, आणि तो शेडमध्ये नेऊन खाताना खिडकीतून त्याच्याकडे बघितलं. तो केक मनगटांनी उचलत होता. चोरासारखं खातोय, असं तिला वाटलं.

गुरुवार आला. ग्लोरियाला येत नसल्याचा निरोप धाडून मेव्हिसने आपलं जुनं हेल्मेट माळ्यावरून काढलं, केसांवर नायलॉनचा रुमाल बांधला आणि ती शेडच्या दारात मोटरसायकलशेजारी जाऊन उभी राहिली. बाहेर बारीक, चिकट पाऊस होता. सेप आला तो तिला बघून जागीच थबकला.

"मीही येते."

"पाऊस आहे गं. तुझा खोकला."

"मग खतही भिजेल. तूही जाऊ नकोस."

सेपचा चेहरा असा उतरला, की मेव्हिसच्या मनात जो काही थोडा किंतू होता तोही गेला. तिने मागच्या सीटवर बैठक मारली आणि त्याच्या कमरेला मिठी घातली. ती मिठी नवऱ्याला मारायची नव्हती, आरोपीला मारायची होती.

गाव मागे पडलं, मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी ओलांडली आणि माळाचा चढ सुरू झाला. वर धुकं होतं. चढावर गाडी आधी बरी चालली, मग तिचा आवाज पडू लागला. सेपने रेस दिली, आवाज वाढला आणि पुन्हा खाली बसला. तो काहीतरी पुटपुटला, पेट्रोलचं काहीतरी. गाडी माणसाच्या चालीने रांगायला लागली. तेवढ्यात मागे कुठेतरी धुक्यात ट्रकचा गुरगुराट ऐकू आला. त्या रस्त्यावर दगडाचे ट्रक धावतात, आणि त्यांना कुणासाठी थांबायची सवय नाही.

मेव्हिसने सेपच्या खांद्यावरून पुढे बघितलं. त्याची उजवी मूठ पूर्ण आत वळलेली होती. तो ती सोडत होता, पुन्हा धरत होता, पुन्हा पिळत होता. मूठ फिरत होती. गाडीला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. मुठीचं नवं कोरं काळं रबर आतल्या नळीवर ओल्या साबणासारखं गोल गोल सरकत होतं, आणि बोटभर बाहेरही आलं होतं.

"सेप, तुझी मूठ सुटलीय."

"पेट्रोल येत नाहीये."

"पेट्रोल नाही. मूठ. नुसतं रबर फिरतंय. अरे, तुझ्या हातात फिरतंय ते, तुला कळत नाही का?"

त्याला कळत नव्हतं. ते तिला त्याच्या पाठीच्या ताठरपणावरून त्याच क्षणी समजलं. त्याने मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे बघितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या हाताकडे बघावं. ट्रकने भोंगा वाजवला. सेपने गाडी डावीकडे घातली, ती गवतावर घसरत कुंपणाच्या फाटकाला जाऊन टेकली, आणि ट्रक त्यांच्या अंगावर चिखल उडवत निघून गेला. मेव्हिस उतरली, पुढे आली आणि तिने सेपच्या हातातला मोजा ओढून काढला. त्याने हात मागे घेतला नाही.

तळहाताला पट्टी होती. पट्टीखाली अंगठ्याच्या मुळाशी भाजलेलं होतं, लालबुंद, कडेने पिवळं. लॅव्हेंडरचा वास तिथून येत होता. दुसऱ्या हाताचंही तेच. बोटं सगळी पांढरी. तिने एका बोटाला चिमटा काढला, चांगला जोरात. सेप तिच्याकडे बघत होता. चिमट्याचं त्याला काही नव्हतं.

मग तिथेच, हेल्मेट काढून, फाटकाला टेकून, पावसात, त्याने सगळं सांगितलं. त्याला बोलायला वेळ लागतो. मुठींची जुनी रबरं नेमकी तळहात टेकतो तिथे झिजून फाटली होती आणि आतली तापणारी पट्टी उघडी पडली होती. जाड मोज्यांत ब्रेक हाताला लागत नाही म्हणून तो पातळ मोजे घालायचा, आणि ऊब लागत नाही म्हणून बटण पूर्ण तापावर ठेवायचा. एक दिवस घरी येऊन मोजे काढले तेव्हा कातडी मोज्याला चिकटून आली. दुखलं काहीच नाही. गावातल्या नर्सला दाखवलं असतं तर दुपारपर्यंत मेव्हिसला कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत गाडी विकली गेली असती. म्हणून माळापलीकडच्या नर्सकडे दर गुरुवारी मलमपट्टी. आणि नवी रबरं त्याने स्वतःच बसवली होती, मोटरसायकलवाले सगळे बसवतात तशी: आत केसांचा स्प्रे मारायचा, ओला असेपर्यंत रबर सरसर चढतं, वाळलं की चिकटून बसतं. साध्या मुठींना ते चालतं. या मुठी तापत होत्या, आणि वरून पाऊस होता. आतला स्प्रे पुन्हा पातळ झाला होता. हे आपल्या ध्यानात यायला हवं होतं, असं तो म्हणाला. पण सगळे करतात ते करताना माणूस विचार करत नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मेव्हिस म्हणाली.

सेपने पावसाचं पाणी टकलावरून निपटलं.

"सांगितलं होतं ना. वाटी पडली तेव्हा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मेव्हिसला बरं वाटलं असतं; टोमण्याला तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं. तिला स्वयंपाकघरातला तो रविवार आठवला, हातांकडे बघत उभा असलेला सेप आठवला, आणि आपण काय म्हणालो तेही शब्दन् शब्द आठवलं. तो अख्ख्या आयुष्यात एकदा बोलला होता, जे खाणीतला कुठलाही माणूस बायकोपाशी बोलत नाही ते बोलला होता, आणि तिने त्याला कामचुकार ठरवलं होतं. ती फाटकापाशी गवतावर बसली.

मग ती उठली. हेल्मेट काढून, डोक्यावरचा रुमाल सोडून तिने मूठ आणि आतली नळी मिळून आवळून बांधली, खिम्याचं पुडकं बांधतात तशा गाठी मारून. रेस लागते का ते स्वतःच्या हाताने पिळून बघितलं. लागत होती. सेपला बसवलं, स्वतः मागे बसली, आणि उजव्या बाजूने हात पुढे काढून मुठीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. तशी ती गाडी माथा ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात हळूहळू उतरली. ट्रकवाल्यांनी त्यांना काय म्हटलं असेल ते असो.

माळापलीकडची नर्स मेव्हिसला बघून आनंदली. "आलात का शेवटी? पाय कसे आहेत तुमचे?"

मेव्हिसने आपल्या पायांकडे बघितलं, मग सेपकडे. बायकोचे पाय अधू आहेत म्हणून ती बरोबर येत नाही, असं त्याने इथे सांगून ठेवलं होतं. तो आता भिंतीवरचं दाताच्या निगेचं चित्र वाचत होता.

"बरे आहेत आता," मेव्हिस म्हणाली.

ग्लोरियाकडे ती पुढच्या गुरुवारी गेली. ग्लोरियाने आपण होऊनच सांगून टाकलं. सेप मागच्या दाराने आला होता, टोपी हातात घेऊन, आणि एक डबा मागितला. कशाला ते सांगितलं, आणि मेव्हिसला सांगू नकोस म्हणाला. "मी म्हटलं त्याला, अरे तुझ्या घरी आहे की स्प्रे. तर म्हणतो, तिचा घेता येत नाही, ती हलवून बघते." हे सांगताना ग्लोरियाला हसू आवरेना, आणि मग आरशात मेव्हिसचा चेहरा बघून आवरलं. मेव्हिसने माफी मागितली नाही. ते तिला येत नव्हतं. पण त्या आठवड्यात ग्लोरियाच्या दारात गूजबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या कुणीतरी ठेवून गेलं.

हिवाळाभर मोटरसायकल शेडमध्ये उभी राहिली. तळहात भरून आले. बोटं होती तशीच राहणार, असं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं. ऊब मिळाली की रक्त थोडं फिरतं, गाडी चालवायचीच तर कोरड्या दिवशी, जवळपास, आणि शक्यतो कुणीतरी बरोबर असावं. सेप घरी येऊन म्हणाला, विकून टाकू. इतकी वर्षं मेव्हिस ज्या शब्दांची वाट बघत होती ते हेच. पण तिने गिऱ्हाईक शोधलं नाही. एकदा राख टाकायला मागे गेली असताना तिने बघितलं होतं, की सेप शेडमध्ये बंद गाडीवर बसला आहे, दोन्ही हात थंड मुठींवर, आणि समोरच्या फळीकडे बघतो आहे, जणू फळीच्या जागी माळाचा माथाच आहे. ती राखेची बादली घेऊन तशीच परत फिरली होती.

मार्चअखेर उन्हं आली तेव्हा टपालाने एक पुडकं आलं. मेव्हिसने मागवलं होतं: मुठींची रबरं आणि तापलं तरी सुटत नाही असा डिंक. डिंकाच्या नळीवरची बारीक अक्षरं तिने भिंगाने तीनदा वाचली, कारण कंपन्या काहीही छापतात.

शेडमध्ये सेप उलट्या बादलीवर बसला आणि ती गाडीपुढे उभी राहिली. बोटं तिची, अक्कल त्याची. तिने सुरी उचलली, तर तो म्हणाला सुरी नको, आतली तार कापली जाईल. गाडी चालू कर, बटण लाव, तापू दे, आपोआप सैल होईल. खरंच रबर सैल झालं, आणि तिने ते पायातला ओला मोजा उलटवतात तसं उलटवत काढलं. आतून सेपचा स्प्रे चिकट पांढरा होऊन आला. तिने तो स्पिरिटने पुसून काढला, नळी कोरडी केली, डिंक सगळीकडे सारखा फिरवला आणि नवं रबर एका दमात आत दाबलं. अर्ध्यावर थांबलं तर तिथेच बसेल, असं सेपने बजावलं होतं. थांबलं नाही. दुसरी मूठही तशीच. मग तिने सेपला दुसऱ्या दिवसापर्यंत शेडमध्ये पाय ठेवायला बंदी केली आणि किल्ली स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात ठेवली. संशय नाही, पद्धत.

दुसरा दिवस लख्ख कोरडा होता. गाडी बाहेर काढली, इंजिन चालू केलं, बटण लावलं. मेव्हिसने एकेक मूठ दोन्ही हातांनी धरून पिळली, ओढली, उलटी फिरवून बघितली. हलली नाही. मग तिने उघडा तळहात रबरावर ठेवला आणि वाट बघितली, बाळाच्या दुधाची बाटली मनगटावर बघतात तशी.

सेप हेल्मेट घालून शेजारी उभा होता. त्याला आता स्वतःला काही कळणार नव्हतं. मूठ गार आहे, कोमट आहे की भाजते आहे, ते त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावं लागणार होतं.

"तापलं?" त्याने विचारलं.

"तापलंय. बेताचं आहे. भाजणार नाही."

"बरं," सेप म्हणाला, आणि त्याने मोजे चढवून दोन्ही मुठी धरल्या.

त्याने पुन्हा विचारलं नाही. बटणाकडे बघितलं नाही. तिने जे सांगितलं ते त्याने घेतलं आणि आपले भाजलेले हात त्यावर ठेवले. मेव्हिस हेल्मेटचा पट्टा लावता लावता थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात, सेपने सांगितलेल्या एकाही गोष्टीला आपण नुसतं 'बरं' म्हटल्याचं तिला आठवेना. तिने आठवून बघितलं, नीट, लग्नापासून. एकदाही नाही.

"काय झालं?" सेपने मान वळवून विचारलं. "रडतेस का?"

"हेल्मेटचा पट्टा टोचतोय," ती म्हणाली.

सेपला ते खोटं आहे हे दिसत होतं. "बरं," तो म्हणाला, आणि ती मागे नीट बसेपर्यंत थांबला.